हिरूसाठी जिताडा

१३ जानेवारी १९४६, रविवार. खालापूर

आज तिसऱ्यांदा हिरूनं मला सांगितलं की माझ्या अंगाला तेलाचा वास येतो. सायकलवाल्याच्या अंगाला अत्तराचा वास कुठून येणार? लग्नाला तीन वर्षं झाली, तेव्हापासून मी याच तेलात माखलेला आहे. तेव्हा म्हणायची, तुमी दारात आलात की मला न बघता कळतं. आता म्हणते, "जरा लांब बसा हो." मी लांब बसलो, तर डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "एवढं लांब?"

चांगोला विचारलं. तो म्हणाला, बायकांचं असंच असतं. चांगो कचेरीत पट्टेवाला आहे. साहेबांचं असंच असतं, पावसाचं असंच असतं, त्याच्याकडं सगळ्याला हे एकच उत्तर आहे.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

सोनुबाई आत्या माझ्याशी गोड बोलली! आज सण आहे हे मान्य, पण सण काय दर वर्षी येतो, आत्या गोड बोलत नाही. आईबाप गेल्यापासून घर तीच चालवते आणि दसऱ्यापासून तिचं एकच तुणतुणं चालू होतं: "तीन वर्सं झाली रं वाल्मिक, पाळणा नाय हलला. माझ्या नणंदेची पोर बघ, कामाला वाघीण हाय. दुसरी कर." मी दर वेळी सांगायचो की एका सायकलला दोन हँडलं बसत नाहीत. हिरू चुलीपाशी असायची. सगळं ऐकायची आणि लाकडं आत सारत राहायची. मला मात्र तिच्या पाठीकडं बघवत नसे.

तर गेले आठ दिवस ते तुणतुणं बंद आहे. आज आत्यानं हिरूला स्वतःच्या हातानं तिळाची वडी भरवली. मला आनंद व्हायला हवा होता, पण भीतीच वाटली. ठेच लागली तर दगडाला शिव्या देणारी बाई गप्प बसते, म्हणजे आत काहीतरी शिजतंय.

२० जानेवारी, रविवार

शिजतंयच. आत्या हिरूला पाण्याचा हंडा उचलू देत नाही. भातावर तूप वाढते, आणि तेही मला दिसणार नाही असं. मी चिंच मागितली तर "संपली", आणि हिरूच्या उशाखाली चिंचेचा गोळा. काल तर हिरू कौलाचा तुकडा चघळताना सापडली. मी म्हटलं, अगं घरात भाकरी आहे. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "तुमाला काय कळतच नाय." हे खरं असेल, पण कौल खाण्यात कळण्यासारखं काय आहे?

माझा अंदाज असा. जत्रेच्या आधी बोकडाला हिरवा पाला घालतात. आत्याला दुसरी सून आणायची आहे, तेव्हा पहिलीला उपाशी पाठवली असं कुणी म्हणू नये म्हणून हे तूप.

२४ जानेवारी, गुरुवार

अंदाज खरा ठरला. 

दुपारी पंप न्यायला घरी गेलो. दार लोटलेलं. फटीतून बघतो तर हिरू पाटावर बसलेली, अंगात नवी हिरवी चोळी, समोर पाच बायका, आणि आत्या तिची ओटी भरतेय. हळदीकुंकू म्हणावं तर त्याला दार सताड उघडं असतं आणि कलकलाट वेशीपर्यंत ऐकू जातो. इथं सगळ्या कुजबुजत होत्या. चांगोची बायको इंदू वहिनी, जिचा आवाज कचेरीत ऐकू येतो, ती तोंडावर बोट ठेवून बसली होती. आणि आत्याचे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले: "पावसाच्या आधी तुला म्हायेरी पोचवते."

बाई गावाला निघाली की ओटी भरतात, एवढं मला कुणी शिकवायला नको. पंप न घेताच परत आलो. एका गिऱ्हाइकाच्या चांगल्या चाकाला पंक्चर काढलं.

मी हिरूला जाऊ देणार नाही. इथं लिहून ठेवतो, कारण आत्याच्या तोंडावर म्हणायचा धीर अजून होत नाही.

२७ जानेवारी, रविवार

आज धीर केला. आत्याजवळ नव्हे, हिरूजवळ. म्हटलं, "हिरू, तुला काय हवंय ते माग. चंद्र सोडून."

मला वाटलं पातळ मागेल. युद्ध संपलं तरी कापड रेशनवरच आहे, म्हणून मी मनातल्या मनात कार्ड मोजत होतो. तिनं आवंढा गिळला आणि म्हणाली, "जिताडा."

"काय?"

"खाडीतला जिताडा. ताजा. बाजारातला नको, तुमी धरलेला पायजे." आणि मग एकदम लाजून, "नवशामामाकडं जावा ना. त्यांची होडी हाय, ते नेतील तुमाला."

नवशामामा पेणच्या खारेपाटातले, खाडीकाठचे. हिरूचे आईबाप ती लहान असतानाच गेले, मामा-मामींनीच तिला वाढवली. तेच तिचं माहेर. म्हणजे ज्या घरी तिला परत धाडायचं चाललंय, त्याच घरी मी मासे धरायला जायचं! पण ती मागताना तिचा चेहरा असा काही झाला होता की मी सांगून टाकलं, जिताडा तर जिताडा. पातळगंगेत मी मिसरूड फुटायच्या आधीपासून गळ टाकतो. खाडी म्हणजे काय, थोडी खारट पातळगंगा.

जिताडा मिळाला तर ती राहील. बाईचं मन माशावर ठरतं असं कुठं सांगितलेलं नाही, पण माझ्यापाशी दुसरा उपाय नाही.

२९ जानेवारी, मंगळवार

चांगो येतो म्हणाला. पीठचक्कीवाला विठूही येतो म्हणाला. विठूला पोहता येत नाही, मासे धरता येत नाहीत आणि होडीत बसला की उलटी होते. मग का येतोस विचारलं तर म्हणतो, "जेवायला."

जाताना चांगो दाराशी घुटमळला. "इंदीनं तुला एक गोष्ट सांगायला लावलीया."

 ओटीला इंदू वहिनी होतीच. म्हटलं, वाईट बातमी असेल तर आत्ता नको.

"वाईट? छ्या! पर आत्ता नाय सांगत. तुला जिताडा गावला का त्या खुशीत सांगीन." आणि डोळा मिचकावून गेला. दुसऱ्याचा संसार मोडत असताना डोळा मिचकावणारा हा माझा मित्र.

३१ जानेवारी, गुरुवार

मामांचा निरोप आला: अवसेला या, उधाणाचं पाणी असतं, मोठा मासा वर चढतो. अमावास्या शनिवारी आहे. आत्या अवसेला उंबरा ओलांडू देत नाही, तेव्हा सगळं ओम्फस् होणार असं धरून चाललो होतो. तर आत्या म्हणाली, "कुणासाठी? हिरूला पायजे? मग जा बाबा. अवस काय, सूर्याला गिराण लागलं तरी जा."

मी तिचं कपाळ चाचपून बघितलं. ताप नव्हता.

२ फेब्रुवारी, शनिवार. मामांच्या ओटीवरून

दोन सायकली, तीन माणसं, खालापूरहून खोपोली आणि तिथून पेण. लढाईपासून ट्यूब मिळत नाहीत, म्हणून एका सायकलच्या टायरात मी भाताचा पेंढा ठासून भरला होता. विठू तिच्या कॅरियरवर. अर्ध्या वाटेत पेंढा बाहेर यायला लागला आणि एक म्हैस तो खात मागं मागं आली. विठू ओरडत होता, "मला खातीया! मला खातीया!" चांगो इतका हसला की शेतात गेला, सायकलीसकट.

इथं आल्यावर मात्र जीव अर्धा झाला. बायजामामीनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. पायांवर गरम पाणी घातलं. मामा तर मला सारखे बघतात आणि मिशीतल्या मिशीत हसतात. "जावयबापू! जावयबापू!" दहादा पाठ थोपटली. बिचाऱ्यांना ठाऊक नाही की त्यांच्या भाचीला आत्या परत धाडणार आहे. मामी म्हणाली, "पोरीला जप हां." 

३ फेब्रुवारी, रविवार. तिथूनच

बोटांच्या पेरांत चिखल आहे, कानात चिखल आहे, या पानावरही पडणार आहे. पडू दे. सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर वेड लागेल. तसं ते लागलेलंच आहे.

सकाळी भरती चढत असताना मामांनी होडी काढली. मामांइतका बढाईखोर वाटाड्या कोकणात दुसरा नसेल. "या कोपऱ्यात माझ्या बापानं माणसाएवढा जिताडा काढला व्हता." तिथं गळ टाकला, शिंपला आला. "हितं तर मासा नाव घेऊन बोलवावा लागतो." तिथं मामांनी नाव घेऊन बोलावलंसुद्धा. कुणी आलं नाही. चांगोनं गळ फेकला तो स्वतःच्याच टोपीत अडकून टोपीसकट पाण्यात गेला, आणि टोपी ओढून काढली तर तिच्यात कोळंबी! हीच आमची पहिली शिकार. विठूला केंड मासा लागला. वर काढल्याबरोबर तो फुगायला लागला, फुगता फुगता चेंडू झाला आणि करकर दात वाजवायला लागला. विठूनं तो मामांकडं फेकला, मामांनी चांगोकडं, चांगोनं माझ्याकडं. होडी अशी डुलली की विठूला उलटी झाली. खरं सांगतो, मामा म्हणाले, "घाला, घाला, चारा घाला!" आणि नेमकं तिथंच, बांधाच्या उघाडीसमोर जिथं खाडीचं पाणी झडपेतून शेताकडं शिरतं, माझी दोरी हातातून सणसणत सुटली.

काय ओढ ती! पातळगंगेचा मासा बोटाला लागतो, हा खांद्याला लागला. तळहात कापला. मामा ओरडत होते "सोड!", चांगो "धर!", विठू "माझी आई!" मी सोडलं, धरलं, आणि हिरूचं नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं, सगळ्यांनी ऐकलं. जिताडा उडाला तेव्हा उन्हात रुप्यासारखा चकाकला. होडीत आला तेव्हा आम्ही चौघं त्याच्यावर पडलो होतो. पुरा हातभर, खांद्यापासून बोटांपर्यंत. मी त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

मामा म्हणाले, ओल्या गोणपाटात गुंडाळ, झालं. पण मी ऐकतोय कशाला! मेलेला मासा हिरूला नेऊ? नदीवर आमची रीत अशी की कल्ल्यातून सुतळी ओवायची, काठाच्या झाडाला बांधायचं आणि मासा पाण्यात सोडायचा. जेवून झोपून उठा, मासा जिवंतच. तिवराच्या झुडपाची एक दणकट फांदी पाण्यावर आली होती. तिला पक्की गाठ मारून जिताडा पाण्यात सोडला. मामा काहीतरी बोलणार होते, पण ताडीचं मडकं उघडत होते. मग मडकंच बोललं.

बांधावर बसून भाकरी खाल्ली. भरती आणि ओहोटी चंद्राच्या ओढीनं होतात हे मी शाळेत पाठ केलं होतं आणि त्याचे मार्कही मिळवले होते. पण भाकरी खाताना चंद्र कुणाच्या डोक्यात असतो? सगळ्यांत आधी मामा घोरायला लागले.

विठूच्या हाकेनं जाग आली. "पाणी गेलं! अरं पाणी चोरीला गेलं!"

खरंच गेलं होतं. जिथं आम्ही होडी वल्हवली तिथं चिखलाचं मैदान, खेकडे पळतायत. होडी कुशीवर पडलेली. आणि तिवराच्या फांदीवर माझा जिताडा दुकानात टांगलेल्या टायरसारखा हवेत लोंबतोय. त्याच्या खाली एक कोल्हा बसलेला. शेपूट पायांभोवती गुंडाळून, वर तोंड करून, पंगतीला बसावं तसा.

मी ओरडलो. कोल्ह्यानं माझ्याकडं बघितलं, उडी घेतली, सुतळी तुटली. तो चिखलावरून असा गेला की पाय भिजले नसतील. मी त्याच्यामागं धावलो आणि चौथ्या पावलाला मांडीपर्यंत आत. तो तिवरात शिरताना मागं लोंबणारी सुतळी तेवढी दिसली.

तिथंच चिखलात बसलो. बसलो म्हणजे उभाच होतो, पण चिखल कमरेला आला होता. आणि मला रडू आलं. तिशीचा माणूस, दुकानाचा मालक, जावई माणूस, मोठ्यानं रडलो. तेवढ्यात मामी आम्हाला शोधत बांधावरून आली.

"काय झालं?"

"मामी, आता हिरू जाणार."

"कुठं जाणार?"

"हितं. तुमच्याकडं. कायमची. आत्यानं ओटीसुद्धा भरली. दुसरी आणणार आहे."

मामी बांधाच्या कडेला आली. मग हळूच विचारलं, "ओटी दार लावून भरली?"

"हो."

"बायका हळू बोलत व्हत्या? मोठ्यानं कोण नाय?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"पोरगी चिंच खाती? कौल खाती? तुमच्या वासानं मळमळतं तिला?"

"मामी, तुम्ही तिथं होता का?"

मामीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि बांधावर बसली. तिचे खांदे हलत होते, मला वाटलं रडतेय. मग बोळा काढून ओरडली, "अवो, उठा! तुमचा जावय येडा हाय! अरं माझ्या लेकरा, ती चोरओटी! तिसऱ्या महिन्याची! दृष्ट लागू नये म्हणून दार लावत्यात. तिला दिवस गेल्यात रं! डोहाळं लागल्यात!"

चांगो बांधावर उड्या मारायला लागला. "हेच! हेच सांगायचं व्हतं मला! इंदीनं दहा बार बजावलं. हिरू वहिनी लाजती, आत्येसासूच्या धाकात सांगता येत नाय, तू सांग म्हणून. जिताडा गावल्यावर सांगणार व्हतो. मग भूक लागली. मग झोप लागली."

विठूलाही ठाऊक होतं. म्हणजे चक्कीवर दळायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. अख्ख्या खालापुरात मीच एकटा.

मी उडी मारली. चिखलात उडी मारली की माणूस वर जात नाही, खाली जातो. छातीपर्यंत गेलो. तरी हात वर करून ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही, चांगो म्हणतो, नुसतं "ए! ए! ए!" असं चाललं होतं. मामांनी वल्हं आडवं टाकलं, तिघांनी मिळून मला उपटून काढलं. धोतर आतच राहिलं. मामीनं तोंड फिरवलं आणि पुन्हा पदर तोंडात कोंबला.

जिताडा आता मिळणार नव्हता, पाणीच नव्हतं. मामी म्हणाली, "तिला खाडीची चव पायजे ना? मग निवट्या धर. बाकी ती आल्यावर मी घालीन तिला जिताडा." निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे वीतभर मासे, बटबटीत डोळ्यांचे. त्यांना ना गळ लागतो ना जाळं. बिळात खांद्यापर्यंत हात घालून धरावे लागतात. एकदा हातात आलं म्हणून आनंदानं ओढलं तर तो खेकडा होता. पुन्हा हात घातला. आज मला कशाचंच दुःख होत नाहीये. धरताना मी त्यांना सांगत होतो, बाबांनो चला, घरी चला, काम आहे. चांगो म्हणाला, याला ऊन लागलं. लागलं असेल.

४ फेब्रुवारी, सोमवार. खालापूर

निवट्या पाण्याबाहेरही जगतात, हे मामांनी सांगितलेल्या गोष्टींतलं एकच खरं निघालं. ओल्या चिखलाच्या मडक्यात भरून, वर फडकं बांधून आणल्या. वाटभर मडक्यात टपटप चालली होती. मी सायकल इतकी हळू चालवली की पेणच्या बाहेर एका बैलगाडीनं मला मागं टाकलं. मडकं सांडू नये म्हणून, दुसरं काय.

घरी पोचलो तेव्हा उन्हं परसात आली होती. आत्या शेजारी गेली होती. हिरू दारात आली, माझ्याकडं बघितलं, माझ्या केसांतल्या चिखलाकडं बघितलं, मामांच्या आखूड धोतराकडं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"जिताडा कोल्ह्यानं नेला," मी म्हटलं. "निवट्या आणल्यात."

तिनं मडक्यात डोकावलं. एका निवटीनं तिच्या नाकावर चिखल उडवला. तिनं तो पुसला नाही. खाली बघतच विचारलं, "मामीनं... काय सांगितलं का तुमाला?"

चांगो माझ्या मागं उभा होता. तो तोंड उघडतोय हे मला कळलं, म्हणून मी त्याच्या पायावर पाय दिला.

"नाय," मी म्हटलं. "कुणी काय नाय बोललं."

"चांगोभावजींनी?"

"तो झोपला होता."

चांगोनं पाय सोडवला आणि विठूला ओढत निघून गेला. हे मात्र त्यानं शहाण्यासारखं केलं.

हिरूनं मडकं उंबऱ्याच्या आत ठेवलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी दुकानदार आहे, मला घाई नसते. आज तर मुळीच नव्हती.

"पावसाच्या आधी मी मामीकडं जाणार हाय," ती म्हणाली.

"का?"

"जाताना एकली जाईन." मग इतक्या हळू की मला वाकावं लागलं, आणि वाकल्यावर तेलाचा, खाडीचा, चिखलाचा सगळा वास तिच्या नाकात गेला असणार, तरी ती मागं सरली नाही. "येताना दोघं येऊ."

मी म्हटलं, "काय? नीट ऐकू नाय आलं."

तिनं पुन्हा सांगितलं.